सहाव्या गाण्यातला चुकलेला ठोका

मी, या कागदाखाली जिची सही आहे ती, वय सदुसष्ट पूर्ण, धंदा पूर्वी वाफेच्या लाँड्रीत चादरी-अभ्र्यांना इस्त्री करणे आणि त्याच काळात अडीच वर्षे एका पंक बँडमध्ये लोकांच्या तोंडावर ओरडणे, हल्ली दोन्ही बंद, असे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसे लेखी दिले आहे आणि तो कागद मागे टाचला आहे. डोके ठिकाणावर आहे म्हणजे शांत आहे, असा अर्थ कोणी काढू नये. मी हे रागात लिहीत आहे. राग माझा स्वतःचा आहे, कोणी कान भरलेले नाहीत, आणि काय लिहीत आहे ते मला पुरते समजते.

चार वर्षांपूर्वी केलेले मृत्युपत्र मी या कागदाने रद्द करते. ते एका भित्र्या बाईने लिहिले होते.

वकीलबाईंनी मला बजावले की मृत्युपत्रात वस्तू द्यायच्या असतात, भांडणे उकरायची नसतात. मी म्हटले, माझ्याकडे वस्तू कमी आहेत. त्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला आणि पुढचा कागद माझ्याकडे सरकवला. तेव्हा या कागदातली भांडणे माझी आणि कायद्याची भाषा त्यांची.

कलम एक. शिंप्याच्या दुकानावरच्या माझ्या दोन खोल्या, आतल्या पलंग-कपाटासह आणि नीट न लागणाऱ्या खिडकीसह, मी माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीला देते. ती आधी नको म्हणेल. तिचे ऐकू नये. ती लहानपणापासून हातात काही ठेवले की नको म्हणते आणि मग ते जपून वापरते. हल्ली ती चौथ्या मजल्यावर भाड्याने राहते, तिचे गुडघे दुखतात आणि मी ते वर्षानुवर्षे नुसते बघत आले आहे.

कलम दोन. बँकेत जे असेल ते तिचेच. यात सांगण्यासारखे काही नाही.

कलम तीन. माझा मायक्रोफोन, ज्याची जाळी एका बाजूने चेपली आहे, तो समोरच्या इमारतीतल्या दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीला द्यावा. ती दुपारी खिडकी सताड उघडी टाकून घरच्यांशी भांडते. तिचा आवाज पोटातून येतो आणि वाक्याच्या शेवटी पडत नाही. माझी तिची ओळख नाही. विचारले तर सांगावे की एका म्हातारीने ऐकून ठेवले होते. अँप्लिफायर मास्तरला द्यावा. मास्तर म्हणजे आमच्या बँडमध्ये बास वाजवणारा, तो पुढे खरोखरच शाळामास्तर झाला. आमच्यातला तो एकटाच वेळेवर यायचा आणि वायरी गुंडाळून ठेवायचा. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही त्यानेच करावी, कारण बाकी कोणाच्या हाती दिले तर त्याचे भजे होईल.

कलम चार. लांब्या, म्हणजे गिटारवाला, याला मी काही देत नाही. हे विसरून राहून गेलेले नाही, मुद्दाम लिहिले आहे. आता त्याचे बाथरूमच्या फरश्यांचे दुकान आहे. तिथे बसून त्याने एका मासिकाला दोन पानी मुलाखत दिली की बँड म्हणजे मुळात तोच होता आणि आम्ही त्याच्या कल्पना वाजवत होतो. लांब्याला त्या काळात एकच कल्पना सुचली होती, ती म्हणजे उशिरा यायचे. त्याच्याकडे आमच्या टेपची एक नक्कल होती. ती त्याने मला न विचारता पुनर्प्रकाशनवाल्याच्या हवाली केली आणि स्वतःची पाठ थोपटून घेतली. मला विचारले असते तर मी नाही म्हटले असते. का नाही, ते मात्र सांगितले नसते. त्यामुळे लांब्यावरचा माझा राग पूर्ण नाही, हेही नोंदवते.

पुनर्प्रकाशनवाला कोण, तेही इथेच सांगते. तो तिशीचा, नम्र, पातळ दाढीचा माणूस आहे. विस्मरणात गेलेल्या बँडच्या जुन्या टेपा शोधतो, साफ करतो आणि काळ्या तबकड्यांवर पुन्हा छापतो. पहिल्यांदा आला तेव्हा त्याने बॅगेतून पांढरे सुती हातमोजे काढले आणि ते घालून माझ्या टेपच्या डब्याला हात लावला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या वस्तूला कोणी असा हात लावला होता. मी त्याच दिवशी करारावर सही करून टाकली. न वाचता, न ऐकता. मला कोणी ताई, तुम्ही काळाच्या पुढे होतात, असे म्हटले की माझी अक्कल गहाण पडते हे मला त्या दिवशी समजले.

कलम पाच. आमच्या लाँड्रीचे मुकादम हयात आहेत, वय त्यांचे नव्वदीला आले आहे आणि मुलाकडे राहतात. त्यांना मी त्यांचे स्वतःचे एक वाक्य परत देते. टेपच्या अगदी शेवटी ते आहे. मास्तरने तेवढा तुकडा वेगळा काढून त्यांना नेऊन ऐकवावा. ऐकू येत नसेल तर मोठ्याने लावावे. त्यांनी ओळखले नाही तर पुन्हा लावावे.

कलम सहा. आता टेप.

आमच्या बँडचे नाव ‘उलट उत्तर’. घरी, शाळेत, कामावर आम्हाला जे करू नका म्हणून सांगितले गेले त्याचेच आम्ही नाव ठेवले. आम्ही चार जण होतो, लोक तीन मोजतात. आम्ही कोणाला आवडावे म्हणून वाजवत नव्हतो. मी खाली उतरून पहिल्या रांगेतल्या माणसासमोर उभी राहायची आणि तू काय काम करतोस, तुझ्या हाताखाली किती जण आहेत, त्यांना तू काय म्हणून हाक मारतोस, असे विचारायची. उत्तर दिले नाही तर गाणे सुरू होत नसे. तीन ठिकाणी आम्हाला बाहेर काढले, एके ठिकाणी खुर्ची फेकली. मायक्रोफोन तेव्हाच चेपला. मला ते दिवस आवडायचे.

रेकॉर्डिंग ठरले आणि आठ दिवस आधी आमचा ड्रमवाला लग्न करून सासऱ्याच्या दुकानात बसला. त्याचे ड्रमही सोबत गेले. लांब्या म्हणाला, संपले सगळे. धाकटी तेव्हा डबा उघडत होती. तिने मान वर न करता सांगितले की ताल तर मी रोज धरतेच.

ती वाफेच्या प्रेसवर होती. खालचा पाट गादीचा, वरचा तापलेला लोखंडी. पायाने पेडल दाबले की वरचा पाट खाली येतो, धप्प. सोडले की वर जातो आणि वाफ सुटते, फुस्स. मध्ये जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात डाव्या हाताने अभ्रा सरळ करायचा आणि उजव्याने झालेला ओढून घ्यायचा. नवख्याला मिनिटाला चार जमत. धाकटी पाट नुसता टेकवून उचलायची आणि तिचे मिनिटाला वीस सहज व्हायचे. आम्ही चौघांनी तिच्या त्या धप्प-फुस्सवर गाणी बसवली. ती ड्रमपेक्षा चांगली बसली, कारण आमची गाणी त्याच जागेबद्दल होती.

मुकादम दुपारी तासभर जेवायला घरी जात. त्या तासात आम्ही टेप केले. काम थांबवणे शक्य नव्हते, कारण परत आल्यावर ते गठ्ठे मोजायचे. म्हणून धाकटी वाजवतही होती आणि अभ्रेही काढत होती. मुकादम लवकर आलेच तर दिसावेत म्हणून लांब्या आणि मास्तर दाराकडे तोंड करून उभे होते, त्यांची पाठ आमच्याकडे. प्रेससमोर मी एकटी होते. एकाच मायक्रोफोनवर, एका दमात, सहा गाणी, बत्तीस मिनिटे.

सहावे गाणे ‘दार’. मागचे दार कामाच्या वेळात बाहेरून कुलूप लावून ठेवत, त्याबद्दल. ‘दार बाहेरून लावलंस ना, आता आतून ऐक’ एवढेच त्याचे शब्द आणि तेच सतरा वेळा. त्या गाण्यात दहाव्या वेळेनंतर एक ठोका मऊ येतो, पुढचा एक येतच नाही आणि मग पुन्हा सुरू होतात, शेवटपर्यंत. गाणे संपते तोच मुकादमांचा आवाज येतो, “हे काय चाललंय? काम कोण करतंय?” आणि त्यावर धाकटीचा आवाज, “मी करतेय.” संपूर्ण टेपवर तिचा आवाज तेवढाच आहे.

तिने तेव्हा डावा हात एका ओल्या अभ्र्यात गुंडाळलेला होता. मऊ आला तो ठोका तिच्या दोन बोटांवर पडला होता. संध्याकाळी दवाखान्यात ती दोन्ही बोटे काढावी लागली.

चौकशीत तिने सांगितले की माझे लक्ष नव्हते. गाण्याबद्दल अवाक्षर काढले नाही, कारण आम्ही चौघेही त्याच लाँड्रीत कामाला होतो आणि काढले असते तर चौघांची नोकरी गेली असती. मुकादमांनीही काढले नाही, कारण त्या तासात ते स्वतः जागेवर नव्हते. तिच्या कागदावर ‘स्वतःचा निष्काळजीपणा’ असे लिहून तिची सही घेतली आणि पंधरा दिवसांत तिला घरी बसवले. माझी नोकरी राहिली. मी तिथे पुढे अकरा वर्षे काम केले, त्यातली चार त्याच प्रेसवर. बँड का मोडला असे कोणी विचारले की मी सांगायचे, मतभेद झाले. कोणाचे कोणाशी, असे सुदैवाने कोणी विचारले नाही.

ही मूळ टेप, डब्यासह, मी धाकट्या बहिणीला देते. तिने ती ठेवावी, छापावी, जाळावी. तिच्यावर कोणतीही अट नाही.

कलम सात. पुनर्प्रकाशित तबकडीबद्दल.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी पुनर्प्रकाशनवाला नवी तबकडी आणि वाजवायचे यंत्र घेऊन स्वतः घरी आला. मी धाकटीलाही बोलावले होते. तिला पाहून त्याने नमस्कार केला आणि विचारले की तुम्हीही ऐकायचात का हे तेव्हा. त्याला ठाऊक नव्हते. प्रेसवर कोण होते असे त्याने मला तीनदा विचारले होते आणि तिन्ही वेळा मी ‘होती एक कामगार’ असे म्हणून विषय बदलला होता. त्यामुळे पाठच्या बाजूला माझे नाव, लांब्याचे, मास्तरचे आणि त्याखाली छापले आहे ‘ताल : अज्ञात’. लांब्याला तोंड होते, त्यानेही सांगितले नाही. मास्तरला कोणी विचारलेच नाही. पण तो ‘अज्ञात’ शब्द मी पुरवला आहे. तो त्या बिचाऱ्याने फक्त छापला.

तबकडी सुरू झाली आणि मला वाटले की दुसऱ्याच कोणाची लावली. गिटार लख्ख, माझा आवाज काचेसारखा, आणि वाफ नाही. फुस्स नाहीच. मी विचारले तर तो अभिमानाने म्हणाला की जुन्या फितीची खरखर होती, सगळी काढली. वाफेला खरखर समजून त्यांनी बत्तीस मिनिटांतून वाफ निवडून काढली होती. दोन माणसे तीन आठवडे त्याच कामाला लागली होती म्हणे. शेवटचे मुकादमांचे आणि धाकटीचे बोलणेही नको असलेली बडबड म्हणून छाटले होते.

धाकटी खुर्चीवर नेहमीसारखी बसली होती, डावा हात उजव्याखाली झाकून. पाय मात्र खाली ठोका धरत होता, पाच गाणी, एकदाही न चुकता. सहाव्या गाण्यात दहाव्या वेळेनंतर तिचा पाय थांबला. तबकडी थांबली नाही.

ती म्हणाली, “इथे मी थांबले होते.”

पुनर्प्रकाशनवाल्याने मायेने समजावले, “मावशी, तिथे एक ठोका निसटला होता. दुसरीकडचा उचलून बसवलाय. अजिबात कळत नाही बघा.”

“हो, अजिबात कळत नाही,” ती म्हणाली. थोड्या वेळाने माझ्याकडे न बघता तिने विचारले, “मला थांबू का नाही दिलं?”

तो गोंधळून मलाच विचारू लागला की या काय म्हणताहेत. मी त्याला हाकलून दिले. यंत्र, तबकडी, हातमोजे, सगळ्यासकट. जिन्यात त्याला जे बोलले ते खालच्या शिंप्याने ऐकले आहे आणि तो त्याबद्दलही साक्ष देऊ शकेल. त्या माणसाने चूक केली, पण ती सांगितले नाही म्हणून झालेली चूक होती. तो सोयीचा होता, समोर होता आणि वयाने लहान होता, म्हणून त्याच्यावर तोंडसुख घेतले. त्याची मी या कागदातून माफी मागते. राग तसाच आहे, तो योग्य पत्त्यावर पाठवत आहे.

पहिल्या छपाईच्या प्रती विकल्या गेल्या आहेत, त्या परत येणार नाहीत. करारानुसार दुसऱ्या छपाईला माझी परवानगी लागते. तो हक्क मी पूर्णपणे धाकट्या बहिणीला देते. तिने हो म्हटले तरच छपाई व्हावी, आणि ती मूळ टेपवरून व्हावी : वाफेसह, मऊ ठोक्यासह, न आलेल्या ठोक्यासह, शेवटच्या दोन वाक्यांसह. ‘अज्ञात’ हा शब्द काढून तिथे तिचे नाव आणि पुढे ‘वाफेची प्रेस’ असे छापावे, माझ्या नावाच्या वर.

कलम आठ आणि शेवटचे. यात मी कोणाला काही देत नाही. हे निवेदन आहे. वकीलबाई म्हणाल्या की याची कायद्याला गरज नाही. मला आहे.

मूळ टेपवर न आलेल्या ठोक्याच्या जागी माझा आवाज आहे, “थांबू नकोस.” ते गाण्यातले शब्द नाहीत. नव्या तबकडीत ठोका बसवताना तेही पुसले गेले. म्हणजे तिचे थांबणे गेले आणि माझे ओरडणे गेले. तबकडी ऐकून कोणीही शपथेवर सांगेल की त्या दुपारी काही घडले नाही. मला एवढे स्वच्छ कोणी केले नव्हते, आणि पहिल्यांदा ऐकताना, खरे सांगायचे तर, क्षणभर बरे वाटले. माझा सगळ्यात मोठा राग त्या क्षणावर आहे.

मी इतकी वर्षे सर्वांना सांगत आले की मी डोळे मिटून गाते, मला काही दिसले नाही, ताल चुकला असे वाटून ओरडले. आईला हेच सांगितले, मास्तरला हेच, धाकटीला दवाखान्यात हेच. आधीच्या मृत्युपत्रातही हेच लिहिले होते. ते खोटे आहे. त्या दुपारी माझे डोळे उघडे होते. गाणे आणखी जलद हवे म्हणून मी हाताने खूण केली. धाकटीने मान हलवून नाही म्हटले. मी पुन्हा खूण केली आणि तिने वेग वाढवला. तिचा डावा हात आत होता आणि पाय पेडलवर पडला होता. पाट खाली आला. तिने तो वर केला आणि हात बाहेर काढला. मी हात पाहिला. पाहून मग ओरडले.

का ओरडले, तर गाणे फार छान चालले होते. यापेक्षा बरे कारण मी अडतीस वर्षे शोधले. मिळाले नाही.

हा कागद मी स्वतः लिहिला, स्वतः मोठ्याने वाचला आणि साक्षीदारांसमोर सही केली.

ठिकाण : माझे राहते घर, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक : महिन्याची एकोणीस, गुरुवार, सकाळी साडेदहा.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिला : (सही) शिंपी, तळमजला. जिन्यातले बोलणे ऐकले, खरे आहे.
साक्षीदार दुसरा : (सही) डॉक्टर. सही करताना बाई शुद्धीत होत्या, आवाज चढलेला होता.

साक्षीदारांची जादा नोंद : वाचन चालू असताना बाईंची धाकटी बहीण खोलीत हजर होती. कलम आठ वाचून झाल्यावर तिने आपले म्हणणेही कागदावर यावे असे सांगितले. वकीलबाईंनी हरकत घेतली नाही. तिचे म्हणणे तिच्याच शब्दांत खाली लिहिले आहे.

“ताईने पाहिलं, हे मला तेव्हापासून माहीत आहे. मी तिच्याकडेच बघत होते. थांबू का, म्हणून.”

(सही) धाकटी बहीण